आपल्या मापाचा गोल्फ क्लब: काय मोजायचं, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

फटक्याच्या क्षणी क्लबचा टो (डोक्याचं खेळाडूपासून लांबचं टोक) वर उचललेला असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. असं वारंवार घडलं की खेळाडू नकळत मनगट अडवून धरतो, फेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) थोडा उघडा ठेवतो आणि चेंडू पुन्हा सरळ जायला लागतो. त्याला वाटतं, आता जमलं. प्रत्यक्षात क्लबची चूक त्याच्या हातात उतरलेली असते. पुढे कधी नीट मापाचा क्लब हाती आला की तोच स्विंग चेंडू उजवीकडे घालवतो आणि दोष नव्या क्लबच्या माथी बसतो.

म्हणूनच ‘आधी खेळ सुधारू दे, मग क्लब मापाचे करू’ हा सल्ला आम्हाला पटत नाही. ज्याचा स्विंग अजून घडतो आहे, त्यालाच चुकीच्या मापाचा त्रास जास्त होतो. त्यासाठी नवा सेट घ्यायलाच हवा असं मात्र नाही. हातात आहे तोच सेट मोजून, वाकवून, नव्या ग्रिप (हातात धरायची रबरी आवरणं) चढवून बऱ्याचदा काम भागतं. पुढची सगळी दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी ती उलटी धरावी.

लांबी

खेळताना घालता तेच बूट घाला, सपाट फरशीवर ताठ उभे राहा, खांदे सारख्या पातळीत ठेवा आणि हात सैल सोडा. मनगटावरच्या वळीपासून फरशीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा. स्वतः वाकून मोजलं की खांदा खाली येतो आणि माप चुकतं. हे अंतर साधारण ३४ ते ३६ इंच असेल तर पुरुषांच्या प्रमाण लांबीचे क्लब बहुधा चालतात. नुसती उंची बघून लांबी ठरवू नये. सहा फूट दोन इंचांच्या माणसाचे हात लांब असतील तर त्याला प्रमाण लांबीच पुरते, आणि आखूड हातांच्या मध्यम उंचीच्या माणसाला अर्धा इंच जास्त लागू शकतो.

स्टीलच्या शाफ्टचं (दांड्याचं) ७ नंबरचं आयर्न (मधल्या अंतरांसाठीचा, धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) साधारण ३७ इंच असतं आणि पुढचा प्रत्येक क्लब अर्ध्या इंचाने लहान होत जातो. मोजताना क्लब खेळण्याच्या स्थितीत ठेवा, सोल (डोक्याचा तळ) जमिनीला सपाट टेकवा आणि हीलजवळच्या (डोक्याच्या शाफ्टकडच्या टोकाजवळच्या) जमिनीपासून शाफ्टच्या मागच्या बाजूने ग्रिपच्या टोकापर्यंत पट्टी धरा. क्लब भिंतीला उभा टेकवून मोजला तर आकडा वेगळा येतो.

लांबीचा सगळ्यात मोठा घोळ ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबमध्ये, होतो. दुकानातले बरेचसे ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात, कारण लांब क्लब जास्त वेगाने फिरतो आणि वेगाचा आकडा ग्राहकाला आवडतो. पण चेंडू फेसच्या मध्यापासून लांब लागला तर तो वाढीव वेग वाया जातो. खरं काय चाललंय ते पाहायला फेसवर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे पातळसा मारा आणि दहा चेंडू मारा. चेंडूचा ठसा फेसवर स्पष्ट उमटतो. मग ग्रिपवर एक इंच खाली धरून आणखी दहा मारा. ठसे मध्याकडे गोळा झाले आणि सरासरी अंतर तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर तुमचा ड्रायव्हर तुमच्यासाठी लांब आहे. नियमाप्रमाणे पटर (होलजवळ चेंडू लोटायचा क्लब) सोडून कोणताही क्लब ४८ इंचांपर्यंत चालतो. २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना स्थानिक नियम लावून ती मर्यादा ४६ इंचांवर आणता येते.

कापायची घाई मात्र करू नका. अर्धा इंच कापला की क्लबचं डोकं हाताला एकदम हलकं लागायला लागतं. त्याचं कारण पुढे स्विंगवेटच्या भागात येईल.

लाय: ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं

सोल जमिनीला सपाट टेकलेला असताना शाफ्ट आणि जमीन यांच्यात जो कोन होतो तो लाय. ७ नंबरच्या आयर्नला तो ६२-६३ अंशांच्या आसपास असतो. हा कोन तुमच्या हातांच्या उंचीशी जुळला नाही की क्लब एका कडेवर टेकतो: लाय जास्त उभा असेल तर हीलवर, जास्त पसरट असेल तर टोवर. टो वर राहिला की चेंडू डावीकडे, टो खाली गेला की उजवीकडे.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. फेस मागे कललेला असतो; त्या कलाचा कोन म्हणजे लॉफ्ट. तो क्लब बाजूला झुकवला की फेसची वर बघणारी दिशा थोडी बाजूला वळते. फेस जितका जास्त कललेला, तितकी ही वळण्याची मात्रा मोठी. ३२ अंश लॉफ्टच्या आयर्नचा लाय २ अंश चुकला तर फेस साधारण सव्वा अंश बाजूला बघतो, म्हणजे १५० यार्डांवर ३ यार्डांचा फरक. ५६ अंशांच्या वेजमध्ये (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबमध्ये) तीच २ अंशांची चूक फेसला जवळजवळ ३ अंश वळवते आणि १०० यार्डांवर चेंडू ५ यार्ड बाजूला पडतो. ज्या क्लबकडून आपण सगळ्यात जास्त अचूकता मागतो, त्यालाच लायची चूक सगळ्यात जास्त भोवते.

उभं राहून, क्लब जमिनीला टेकवून लाय तपासता येत नाही. वेगात फिरताना डोक्याच्या वजनामुळे शाफ्ट खाली वाकतो आणि टो खाली उतरतो. त्यामुळे स्थिर उभं असताना टो किंचित वर, खाली एक-दोन नाणी सरकतील इतका वर, दिसायला हवा. खरी तपासणी चेंडू मारूनच होते. चेंडूवर पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या, पुसता येणाऱ्या मार्करने जाड सरळ रेघ काढा, ती रेघ फेसकडे तोंड करून अगदी उभी राहील असा चेंडू ठेवा आणि नेहमीसारखा मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. तो फेसच्या खालच्या खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर आहे. ठशाचं वरचं टोक टोकडे झुकलं असेल तर क्लब जास्त उभा आहे, हीलकडे झुकलं असेल तर जास्त पसरट. पाच-सहा फटके मारून बघा. एका ठशावर निर्णय घेऊ नका, आणि हे गवतावरूनच करा, कारण कडक मॅटवर सोल आपटून क्लब फिरू शकतो.

लाय दुरुस्त करायला हॉसल, म्हणजे डोक्याची शाफ्ट बसते ती नळी, वाकवतात. मऊ कार्बन स्टीलची, घडवलेली डोकी सहज वाकतात. ओतीव स्टेनलेस स्टीलची डोकी कडक असतात. त्यांना २ अंशांपलीकडे नेलं तर हॉसलला चीर जाऊ शकते. कोन मोजायची सोय असलेल्या, डोकं घट्ट धरणाऱ्या यंत्रावरच हे काम करावं. घरच्या शिकंज्यात डोकं धरून जोर लावला की फेसवर खुणा पडतात, आणि लाय वाकवता वाकवता लॉफ्टही सरकतो, जो कोणी मोजत नाही. आणखी एक गोष्ट इथेच: शाफ्ट अर्धा इंच लांब केला की क्लब साधारण १ अंशाने उभा झाल्यासारखा वागतो. म्हणून आधी लांबी पक्की करायची, मग लाय. उलट क्रमाने केलं तर लायचे पैसे दोनदा जातात.

शाफ्ट

शाफ्टवर छापलेल्या आर, एस, एक्स या अक्षरांना उद्योगभर मान्य असं कोणतंही एक माप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एस इतका कडक निघू शकतो. तरीही सुरुवात कुठून करायची यासाठी ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग उपयोगी पडतो. ताशी ७५ ते ८५ मैल वेगाला सीनियर किंवा ए, ८५ ते ९५ ला रेग्युलर, ९५ ते १०५ ला स्टिफ, त्यावर एक्स्ट्रा स्टिफ. वेग सारखा असला तरी जो वरून झटक्याने खाली येतो त्याला थोडा कडक शाफ्ट बसतो आणि संथ लयीत फिरवणाऱ्याला थोडा मऊ.

शाफ्ट फार कडक असेल तर चेंडू खालून आणि उजवीकडे जातो आणि मधोमध बसलेला फटकासुद्धा हाताला लाकडासारखा लागतो. फार मऊ असेल तर चेंडू उंच फुगतो, डावीकडे ओढला जातो आणि दोन फटके एकमेकांसारखे पडत नाहीत. बहुतेक हौशी खेळाडू गरजेपेक्षा कडक शाफ्ट वापरतात, कारण मऊ अक्षराचा शाफ्ट घेणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

आमच्या मते मात्र कडकपणाच्या आधी वजन बघावं. आयर्नचे स्टील शाफ्ट साधारण ९० ते १३० ग्रॅम असतात, ग्रॅफाइटचे ५० ग्रॅमपासून मिळतात; ड्रायव्हरचे ४५ ते ७५ ग्रॅम. १३० ग्रॅमच्या शाफ्टने पहिले नऊ होल चांगले जातात आणि पुढच्या नऊमध्ये फटके जाड बसायला (चेंडूआधी जमिनीला लागायला) लागतात, तेव्हा दोष दमलेल्या खांद्यांचा असतो. कोपर किंवा मनगट दुखत असेल तर ग्रॅफाइटकडे वळायला संकोच नको. उलट फार हलका शाफ्ट घाईने खेळणाऱ्याची लय आणखी बिघडवतो. आयर्न ड्रायव्हरपेक्षा जड आणि वेज आयर्नइतकेच किंवा थोडे जड, असा चढता क्रम बॅगेत राहिला की हाताला प्रत्येक क्लब ओळखीचा वाटतो.

टॉर्क (शाफ्ट किती पिळतो) आणि किक पॉइंट (तो कुठे सगळ्यात जास्त वाकतो) यांच्या चर्चेत नवख्याने वेळ घालवू नये. शाफ्ट कापताना मात्र एक लक्षात ठेवा: ग्रिपकडून कापला तर मुख्यतः लांबी कमी होते, डोक्याकडच्या टोकातून कापला तर शाफ्ट चांगलाच कडक होतो. बदलांमध्ये शाफ्ट सगळ्यात महाग पडतो, म्हणून तो शेवटी. आधी ग्रिप, मग लाय, मग लॉफ्टमधली अंतरं. या तिन्हींनी भागलं नाही तर शाफ्ट.

स्विंगवेट

क्लबच्या एकूण वजनापेक्षा ते वजन डोक्याकडे किती झुकलं आहे, याचं माप म्हणजे स्विंगवेट. ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर क्लब तोलून ते काढतात आणि अक्षर-आकड्यात सांगतात. पुरुषांचे क्लब बहुधा डी-० ते डी-३ मध्ये येतात, स्त्रियांचे सी-५ ते सी-९ मध्ये. डोक्यात २ ग्रॅम वाढले की एक घर वर जातं. लांबी अर्धा इंच कमी झाली की तीन घरं खाली. ग्रिप ४-५ ग्रॅमने जड झाली की एक घर खाली.

म्हणजे ड्रायव्हर अर्धा इंच कापला तर डोक्यात सुमारे ६ ग्रॅम परत घालावे लागतात. त्यासाठी शिशाची चिकटपट्टी सोपी: अर्धा इंच रुंद पट्टीचा ४ इंचांचा तुकडा साधारण २ ग्रॅम भरतो. लावण्याआधी तो लहान डिजिटल काट्यावर तोलून घ्या, कारण पट्ट्यांची जाडी वेगवेगळी असते. पट्टी डोक्याच्या मागच्या बाजूला किंवा सोलवर लावा, फेसवर कधीच नाही. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

ग्रिप

क्लबचा एवढाच भाग तुमच्या हाताला लागतो, आणि तोच सगळ्यात स्वस्तात बदलता येतो. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधलं आणि अनामिका बोट अंगठ्याच्या फुगीर भागाला जेमतेम टेकलं तर जाडी बरोबर. बोटं तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, फट राहत असेल तर जाड. बारीक ग्रिप घट्ट आवळून धरावी लागते आणि मनगटं जास्त खेळतात. फार जाड ग्रिपने ती जखडतात. मिडसाइज ग्रिप प्रमाण मापापेक्षा १/१६ इंच जाड असते, जंबो १/८ इंच. मधलं माप हवं असेल तर ग्रिपखाली टेपचा एक जादा वेढा द्या; त्याने व्यास साधारण १/६४ इंच वाढतो.

घरी ग्रिप चढवायला हुक ब्लेड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी २ इंच रुंद टेप, मिनरल स्पिरिट, शिकंजा आणि शाफ्ट धरायला रबराचा ठोकळा लागतो. जुनी ग्रिप अंगापासून दूर ओढत कापा. ग्रॅफाइट शाफ्टवर साधं धारदार पातं दाबून चालवू नका. तंतू कापले गेले तर शाफ्ट नंतर तिथेच मोडतो. जुनी टेप सगळी खरवडून काढा, नाहीतर गाठी हाताला लागतात. नवी टेप लांबीच्या दिशेने लावा, टोकाला अर्धा इंच जास्त ठेवा आणि तो तुकडा पिळून शाफ्टच्या भोकात दाबा. ग्रिपच्या टोकाच्या छोट्या छिद्रावर बोट ठेवून आत स्पिरिट ओता, तोंड बंद करून हलवा आणि तेच स्पिरिट टेपवर सगळीकडे ओता. मग एका दमात ग्रिप आत ढकला, टोक पूर्ण टेकेपर्यंत.

ग्रिप अर्ध्यात अडकली तर नव्वद टक्के वेळा स्पिरिट कमी पडलेलं असतं. जोर लावत बसू नका; लगेच बाहेर ओढा, भरपूर स्पिरिट घाला आणि पुन्हा चढवा. पाच मिनिटं थांबलात तर ती कापावीच लागेल. ग्रिपचं तोंड खाली ओढून ताणलं तर ती तेवढी बारीक होते, म्हणून सगळ्या ग्रिप एकाच खुणेपर्यंत आणा. फेस सरळ ठेवून ग्रिपवरची खूण जुळवा आणि रात्रभर वाळू द्या. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे खिडकी उघडी आणि जवळपास ज्योत नको. पेट्रोल तर वापरूच नका.

लॉफ्ट आणि अंतरांची साखळी

क्लबवरच्या नंबरवर भरवसा ठेवू नका. पारंपरिक बनावटीच्या ७ नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३४ अंशांच्या आसपास असतो, लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या आजच्या आयर्नचा ३० किंवा त्याहूनही कमी. अशा सेटचा पिचिंग वेज ४३-४४ अंशांचा असतो; त्यानंतर थेट ५६ चा वेज ठेवला तर मध्ये १२-१३ अंशांची दरी राहते आणि तिथली सगळी अंतरं अर्ध्या-पाऊण स्विंगने काढावी लागतात. ४८ आणि ५२ चे वेज घेऊन ही दरी भरावी.

सेटची साखळी मोजायला प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारा, चेंडू हवेतून किती गेला तेवढंच अंतर लिहा, सगळ्यात लांबचे दोन आणि जवळचे दोन सोडा आणि उरलेल्या सहांची सरासरी काढा. शेजारच्या दोन क्लबमध्ये १० ते १५ यार्डांचं अंतर हवं. ४ आणि ५ नंबरचं आयर्न सारखंच जात असेल तर ४ ला चेंडू उचलण्याइतका वेग तुमच्याकडे नाही. त्याच्या जागी २२ अंशांचा हायब्रिड (आयर्नपेक्षा जाड डोक्याचा, चेंडू सहज उचलणारा क्लब) घ्या. बॅगेत १४ च्या वर क्लब ठेवता येत नाहीत, त्यामुळे न चालणाऱ्या क्लबला जागा देणं परवडत नाही.

दोन अंतरांमध्ये थोडीच ओढाताण असेल तर लॉफ्ट एक-दोन अंश वाकवून भागतं, पण त्याबरोबर बाउन्सही (सोलचा तो कोन, ज्यामुळे क्लब जमिनीत रुतत नाही) बदलतो. लॉफ्ट १ अंश कमी केला की बाउन्स १ अंश कमी. ८ अंश बाउन्सचा वेज २ अंश कमी लॉफ्टचा केला तर ६ उरतात आणि मऊ वाळूत तोच क्लब रुतायला लागतो. मऊ वाळू आणि खोल खणणारा स्विंग यांना १० अंशांच्या पुढचा बाउन्स लागतो, कडक जमिनीला ४ ते ६.

ड्रायव्हरचे स्क्रू

आजच्या बहुतेक ड्रायव्हरचा लॉफ्ट हॉसलच्या बाहीने (फिरवून बसवता येणाऱ्या जोडाने) एक ते दोन अंश बदलतो. पण डोक्यावरचा खरा फेस तोच राहतो; बदलतं ते शाफ्टशी त्याचं नातं. लॉफ्ट वाढवला की जमिनीला टेकवलेला फेस डावीकडे मिटतो, कमी केला की उजवीकडे उघडतो. उजवीकडे वळणाऱ्या चेंडूने हैराण झालेला माणूस लांब मारायच्या आशेने लॉफ्ट १०.५ वरून ९ वर आणतो आणि वळण आणखी वाढवून बसतो. ताशी ८५-९० मैल वेगाला ११-१२ अंश लॉफ्ट लाजिरवाणा नाही. चेंडू त्यानेच लांब जातो.

सरकणारं वजन हीलकडे नेलं की फेस लवकर मिटतो आणि उजवीकडचं वळण कमी होतं, टोकडे नेलं की उलट. मागे नेलं की चेंडू उंच जातो आणि मध्य चुकला तरी क्लब माफ करतो, पुढे आणलं की फिरकी कमी होते. एका वेळी एकच गोष्ट हलवा, पंधरा-वीस चेंडू मारा, लिहून ठेवा. आणि हे सगळं करण्याआधी पावडरचे ठसे बघा: हीलवर लागलेला चेंडू उजवीकडे वळतो, फेसच्या खालच्या भागात लागलेला जास्त फिरकी घेतो. ते दुखणं स्क्रूने जात नाही, टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) उंचीने किंवा क्लबच्या लांबीने जातं.

पाना टिक वाजेपर्यंतच फिरवायचा. सैल राहिलं तर डोकं हलतं, जास्त आवळलं तर आटे जातात. फेरी सुरू झाल्यावर ही मापं बदलता येत नाहीत. बदलून फटका मारला तर बाद. फटक्याआधी मूळ जागी आणलं तर दंड नाही.

पटर

बरेच जण दुकानातला ३४-३५ इंचांचा पटर तसाच वापरतात आणि कोपरं अंगापासून दूर वाकवून उभे राहतात. नेहमीसारखे उभे राहा, डाव्या डोळ्याच्या खालून एक चेंडू सोडा. तो ठेवलेल्या चेंडूवर किंवा किंचित आतल्या बाजूला पडायला हवा. फार आत पडला तर पटर लांब आहे, पलीकडे पडला तर आखूड. मग शाफ्ट बोटावर आडवा तोला. फेस आकाशाकडे बघत राहिला तर तो पटर सरळ मागे-पुढे हलवणाऱ्यांसाठी. टो खाली लोंबला तर कमानीत हलवणाऱ्यांसाठी.

लॉफ्ट ३-४ अंश असतो, चेंडूला गवतात बसलेल्या खळग्यातून बाहेर काढण्यापुरता. हात पुढे झुकवून मारण्याची सवय असेल तर तो उरत नाही आणि चेंडू सुरुवातीलाच उडी घेतो. अशा वेळी एखादा अंश वाढवून घ्या. लायची काळजी इथे कमी. फेस जवळजवळ सरळ उभा असल्याने २ अंशांची चूक पटरच्या ३ मीटरच्या फटक्यात चेंडूला जेमतेम ५ ते ७ मिलिमीटर हलवते.